अंबूबाईचे उपास

अंबूबाई चौगुले हिच्या अंगात देवी यायची, असं आमच्या गल्लीत अजून सांगतात. नव्या सुनांना सांगतात, नव्या भाडेकरूंना सांगतात, आणि सांगताना हात जोडतात. ते कानावर आलं की माझं डोकं फिरतं. देवी येत नव्हती. काय येत होतं ते मी आज सांगणार आहे. कुणाला राग आला तर माझी गिरण मंगळवार पेठेतच आहे, येऊन भांडावं.

मी चन्नम्मा. सासऱ्यांनी टाकलेली पिठाची गिरण मी चालवते, कारण माझे पती बसाप्पा साखरेच्या आजारानं लवकर घरी बसले. गिरणवालीला घराघराचं पोट कळतं. कुणाकडं शाळू येतो, कुणाकडं रेशनचा गहू येतो, कुणाचा डबा काठोकाठ आणि कुणाचा निम्मा, हे विचारावं लागत नाही. डबा उचलला की हाताला समजतं. त्यात हुशारी कसली?

अंबूबाई पन्हाळ्याच्या पायथ्याची. लग्न होऊन आमच्या गल्लीत आली तेव्हा तिचा नवरा आकाराम उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत साचे करायचा. पुढं तीही तिथंच लागली. ओतलेल्या लोखंडात पोकळी राहावी म्हणून साच्याच्या आत वाळूचा गाभा ठेवतात. वाळूत उसाची मळी कालवून ते गाभे बायका हातानं करायच्या. नव्वद सालानंतरची काही वर्षं फौंड्रीवाल्यांची चांगली गेली. भट्टी थंड पडत नव्हती. शनिवारी पगार झाला की नवराबायको मटण घेऊनच घरी यायची, आणि रविवारी त्या घरातला मसाल्याचा वास माझ्या गिरणीतल्या पिठाच्या वासाला हटवून टाकायचा. आम्ही लिंगायत, त्यामुळं मी नाकाला पदर लावायची आणि अंबूमावशी मुद्दाम दारात उभी राहून विचारायची, "रस्सा धाडू का वाटीभर, चन्नाक्का?"

आणि बाई खायची! लाजून, चोरून नाही; मांडी ठोकून खायची. एकादशीला सगळी गल्ली साबुदाण्याच्या मागं लागलेली असताना ही माझ्या गिरणीच्या पायरीवर बसून भाकरी आणि खर्डा हाणायची. मी एकदा टोकलं तर म्हणाली, "देवाला माझं त्वांड म्हाईत हाय. त्यो माझ्याकडनं आशाच करत न्हाय." उपास करणाऱ्या बायकांची ती इतकी टर उडवायची की चिमणाबाई, जी आमच्या गल्लीतल्या देवळाची आरती सांभाळते, ती तिच्याशी महिनाभर बोलत नसे. हे सगळं मी एवढ्यासाठी सांगते की पुढं ह्याच चिमणाबाईनं तिच्या पाया पडायला सुरुवात केली.

आकाराम वाळूची धूळ छातीत भरून खोकून खोकून गेला. त्याच्या पाठोपाठ अंबूमावशीला साखर निघाली. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळायच्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवायच्या आधी. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की काही झालं तरी गोळी चुकवायची नाही. ती चुकवत नव्हती. गोळी घ्यायची आणि ताट ओढून बसायची. बरी चालली होती तिची. मुलगा कृष्णात शिरोलीकडच्या फौंड्रीत लागला होता. सून शालन कष्टाळू, पदरात दोन लहान पोरं. ह्यापेक्षा जास्त कुणाला काय पाहिजे असतं?

दोन हजार आठची दिवाळी झाली आणि मंदी आली. लांब कुठं अमेरिकेत बँका बुडाल्या म्हणे. गाड्यांचा खप थांबला, म्हणून गाड्यांचे भाग ओतायचे थांबले, म्हणून आमच्या गल्लीतली माणसं घरी बसली. कामावरून काढलं असं कुणी म्हणायचं नाही. 'ब्रेक दिला' म्हणायचं, जशी काही शाळेला सुट्टी. कृष्णातला ब्रेक दिला तो केरबानं. केरबा आमच्याच गल्लीतला, फौंड्रीला माणसं पुरवणारा कंत्राटदार आणि देवळाचा पंच. सकाळी माणसांना घरी बसवायचा आणि संध्याकाळी आरतीला घंटा वाजवायचा. "वरनंच ऑर्डर न्हाय, मी काय करू?" हे त्याचं ठरलेलं. त्याच वर्षी त्यानं घरावर दुसरा मजला चढवला, ते मात्र वरनं ऑर्डर नसताना कसं झालं ते मला कुणी सांगितलं नाही.

चौगुल्यांचं दळप आधी निम्म्यावर आलं, मग रेशनच्या गव्हावर आलं. कृष्णात कधी मार्केट यार्डात पोती उचलायला जायचा, कधी नुसताच हात हलवत परत यायचा. आणि त्याच सुमारास अंबूमावशीनं सोमवार धरला.

मला हसू आलं. "काय मावशी, म्हातारपणी शंकराशी सोयरीक?" मी म्हटलं. तीही हसली. मग तिनं शुक्रवार धरला, अंबाबाईचा. मग गुरुवार. मग जोतिबाचा रविवार, म्हणजे मटणाचा वार. तेव्हा माझं हसू गेलं. साबुदाणा नाही, वरी नाही, शेंगदाणे नाहीत. निरंकार उपास. बिनसाखरेचा कोरा चहा, कारण साखरेचा आजार. रात्री सोडते म्हणायची, पण शालन सांगायची की रात्री दोन घास खाऊन "पोट जड झालंय" म्हणून उठतात.

ह्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. ज्या बाईनं जन्मभर देवाची चेष्टा केली तिला उतारवयात भक्ती सुचली, ह्याचा गल्लीला आनंद झाला. चिमणाबाई दारात थांबून कौतुक करायची. घरातही हळूहळू सवय झाली. शालन बिचारी भाकऱ्या थापायच्या आधी विचारायची, "आत्या, आज कंचा उपास?" तिच्या आवाजात सुटका असायची, ती मला ऐकू यायची. मी तिला दोष देत नाही. पण म्हातारं माणूस जेवत नाही म्हटल्यावर त्याला भक्त म्हणून मोकळं होणाऱ्या त्या गल्लीला मी दोष देते, आणि मरेपर्यंत देईन.

गोळी मात्र ती रोज घेत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, चुकवायची नाही. गोळी फुकट होती. भाकरी फुकट नव्हती.

संक्रांत झाल्यानंतरच्या एका शुक्रवारी आरतीला ती उभी होती. देऊळ लहान, गर्दी दाटलेली, ढोल आणि झांजांचा गोंगाट. अंबूमावशीला दरदरून घाम फुटला. हात लटलटायला लागले, डोळे एका जागी ठरले, ती काहीतरी पुटपुटायला लागली. आमच्या घरात हे मी बसाप्पांच्या बाबतीत कितीदा पाहिलंय! गोळी पोटात गेली आणि जेवण गेलं नाही की साखर उतरते आणि माणसाचं असंच होतं. पण मी तेव्हा गिरणीत होते. देवळातल्या बायका ओरडल्या, "वारं आलं! वारं आलं!" चिमणाबाईनं तिचे केस सोडले, कपाळावर मळवट भरला, हातात लिंबू दिलं. आरती संपल्यावर तिच्या तोंडात प्रसादाचा पेढा घातला. थोड्या वेळानं ती शुद्धीवर आली. झालं! पेढा खाऊन देवी शांत झाली, ह्याच्यापेक्षा मोठा पुरावा कुठला पाहिजे होता?

पुढच्या शुक्रवारी मी मुद्दाम गेले. देवळाबाहेरही माणसं होती. ब्रेक दिलेले पुरुष, ज्यांना मी त्याआधी कधी आरतीला पाहिलं नव्हतं, ते पुढं येऊन बसले होते. अंबूमावशी थरथरायला लागली तशी केरबानं ढोल थांबवला आणि हात जोडून विचारलं, "आई, फौंड्री कवा सुरू हुनार? गाड्यांच्या ऑर्डरी कवा येनार?"

विचारतोय कोण, तर ज्यानं तिच्या पोराला घरी बसवलं तो.

अंबूमावशीचे ओठ हलले. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते, मला स्वच्छ ऐकू आलं. ती म्हणाली, "भाकरी."

"काय, आई?"

"भाकरी दे."

मी ओरडले, "अवो, भूक लागलीय तिला! साखर उतरलीय, गूळ आणा!" पण केरबाला देवी कळत होती, मी कोण? "आई उतारा मागतीय," तो म्हणाला, "फौंड्रीवरची पीडा उतरायची हाय." कुणीतरी धावत जाऊन भाकरी आणली, तिच्यावर दहीभात घातला, हळदकुंकू टाकलं. ते तिच्या तोंडावरून ओवाळलं. भुकेल्या बाईच्या तोंडावरून भाकरी ओवाळली आणि तीन रस्ते मिळतात त्या तिकटीवर नेऊन ठेवली! तिथं ती कुत्र्यांनी खाल्ली. घरी जाताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. लोक उताऱ्यामागं वळले तेवढ्यात मी पुजाऱ्याच्या ताटातला गूळ उचलला आणि तिच्या तोंडात कोंबला, तेव्हा ती भानावर आली. त्याबद्दल चिमणाबाई मला म्हणाली की देवी बोलत असताना मधे पडायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी गिरण बंद ठेवली आणि तिच्याकडं गेले. शालन बाहेर धुणं धूत होती. अंबूमावशी भिंतीला टेकून बसली होती. पूर्वी चोळीत न मावणारे दंड आता काठीसारखे झाले होते. मी तिला सरळ सांगितलं, "मावशी, हे देवीचं न्हाय. गोळीचं हाय. गोळी घेऊन जेवला न्हाईसा तर एक दिवस उठायच्या न्हाईसा."

"म्हाईत हाय," ती म्हणाली.

मला वाटलं ती मला गप्प करायला म्हणतेय. पण तिनं कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथं नारळ होते, खण होते आणि तांदळाची पाटी होती. ज्यांनी प्रश्न विचारले त्यांनी ओटी भरली होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"पयल्यांदा मलाबी वाटलं आई आली," ती हळू आवाजात म्हणाली. "मग दुसऱ्या खेपंला कळलं. गोळी घेतली आन् खाल्लं न्हाय की येतंय. पर चन्नाक्का, घरात तांदूळ येतोय न्हवं? पोरं भात खात्यात. म्या फौंड्रीत असताना घरात आणत हुते, आता म्हातारपणी बसून खातीय. त्यापरीस हे बरं की."

"आनी मेलात तर?"

"तू लई भितीस बग," असं म्हणून ती हसली. पूर्वीसारखीच, दात दाखवून.

मला भयंकर राग आला. तिच्यावरचा राग नव्हे. जिनं ऐन उमेदीत लोखंडाच्या कारखान्याला हाताचं कातडं दिलं तिला म्हातारपणी दोन घासांसाठी असं सोंग करावं लागतं, आणि ते सोंगही नव्हे, खरंखुरं मरण थोडंथोडं दाखवावं लागतं, ह्याचा राग. मंदी सगळ्यांवरच आलीय असं तेव्हा मोठी माणसं सांगायची. पण फौंड्रीच्या मालकाच्या आईच्या अंगात कधी देवी आली नाही.

मी तिला दम दिला की रोज दुपारी आणि संध्याकाळी माझ्याकडं जेवायचं. तांदूळ मी देईन, पोरांचं मी बघीन. ती नको म्हणाली. मी ओढून नेलं. आठवडाभर ती आली, आणि काय सांगू, पहिल्या दिवशी ती ज्या आवडीनं झुणका-भाकरी जेवली ते बघून बसाप्पासुद्धा दोन घास जास्त जेवले. शुक्रवारी संध्याकाळी गोळी घेऊन, माझ्या चुलीपुढं पोटभर जेवून ती आरतीला गेली.

देवी आली नाही. येणार कुठून? ढोल बडवून बडवून पोरांचे हात दुखले. केरबानं कापूर लावला, लिंबू कापलं. अंबूमावशी नुसती उभी, धडधाकट, तोंडावर तजेला. लोक चिडले. आपला कौल बुडाला म्हणून चिडले. कुणीतरी सांगितलं की ती गिरणवालीच्या घरचं जेवते. चिमणाबाईनं निकाल लावला, "शुक्रवार मोडला. आई उठून गेली." त्या दिवशी कुणी ओटी भरली नाही. उलट कृष्णातला एकानं ऐकवलं की तुझ्या आईच्या जिभेपायी सगळ्यांच्या पोटावर पाय आला.

त्यानंतर अंबूमावशी माझ्याकडं आली नाही. मला बघून रस्ता ओलांडायची. मी भाकरी घेऊन दारात गेले की "उपास हाय" म्हणायची आणि ती भाकरी नातवंडांच्या हातात द्यायची. मी दिलेले तांदूळ तिनं शालनकरवी परत पाठवले. वर्षानुवर्षं जिच्याशी मी थट्टा केली तिला माझ्याकडं बघायची लाज वाटत होती. पुढं लोकांनी मला नावं ठेवली की चन्नम्मानं खाऊ घालून देवी घालवली. घातलं खाऊ. पुन्हा घालीन.

पुढच्या शुक्रवारी तिनं दोन गोळ्या घेतल्या. हे मला नंतर शालननं रडत सांगितलं. शालननं विचारलं होतं, दोन का, तर म्हणाली, "मागल्या खेपंला कमी पडली."

त्या संध्याकाळी देवळात वारं असं आलं की तसं कधी आलं नव्हतं म्हणतात. ओटीत नारळांचा ढीग पडला. पेढा दिल्यावर ती जरा सावरली, म्हणून लोकांनी तिला घरी आणून अंथरुणावर ठेवलं. पण दोन गोळ्यांना एक पेढा किती पुरणार? ती पुन्हा बुडत गेली. मी गिरण आवरून गेले तेव्हा दारात बायका बसल्या होत्या आणि मला आत सोडेनात. "देवी निजलीय, उठवायची न्हाय," चिमणाबाई म्हणाली. मी तिला ढकललं. खरंच ढकललं, ती आपटली. आत अंबूमावशीच्या तोंडाला फेस होता आणि दातखीळ बसली होती. साखर तोंडात जाईना. मी ओरडून कृष्णातला बोलावलं, रिक्षा आणवली, मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सुईतून साखर दिली. शुद्ध आली नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली. तिथल्या सिस्टरनं विचारलं होतं की ह्यांचं शेवटचं जेवण कधी झालं.

पावसाळ्यात ऑर्डरी आल्या. भट्ट्या पेटल्या. माणसांना पुन्हा बोलावलं, कमी पगारावर बोलावलं, पण बोलावलं. आणि गल्लीनं ठरवून टाकलं की अंबूबाईनं जीव देऊन फौंड्री सुरू केली. केरबानं तिच्या नावानं देवळापुढं महाप्रसाद घातला. गव्हाची खीर, भात, आमटी, वांग्याची भाजी. अख्खी गल्ली रांगा धरून बसली. मीही गेले. मला त्यांची तोंडं बघायची होती.

कृष्णातला पहिल्या पंगतीत, मधोमध बसवलं होतं. केरबानं स्वतःच्या हातानं त्याला वाढलं. सगळ्यांची पानं भरली, देवीचा जयजयकार झाला, "करा सुरू" म्हणून हाक आली. लोक खीर ओरपायला लागले, कृष्णात हात लावेना. केरबा म्हणाला, "जेव पोरा. तुझ्या आईचाच प्रसाद हाय."

कृष्णात उठून उभा राहिला. मोठ्यानं बोलणारा माणूस नव्हे तो. पण तेव्हा बोलला, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"माझ्या आईला वारं येत न्हवतं. ती उपाशी हुती. तिनं तुमच्याकडं भाकरी मागितली हुती. आनी मला म्हाईत हुतं."

एवढंच. मला वाटलं, आता तरी. आता तरी कुणीतरी मान खाली घालील.

केरबानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं आणि लोकांकडं वळून म्हणाला, "आई गेलेली हाय, दुःखात माणूस कायबी बोलतंय. तुमी जेवा, पावणं." मग त्यानं वाढप्यांना खूण केली. खिरीची बादली पुढं निघाली आणि लोकांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली.